विटांच्या डब्यातून रणांगण: मिनिफिगर घेऊन टेबलावरचा युद्धखेळ कसा मांडायचा

घरात लेगोच्या विटांचा डबा असेल (मुलांचा असो वा स्वतःचा, लपवण्यासारखं त्यात काही नाही), तर टेबलावरच्या युद्धखेळाचं बहुतेक सामान तुमच्याकडे आधीच आहे. युद्धखेळ म्हणजे घरं नसलेलं बुद्धिबळ समजा. दोन सैन्यं, मध्ये डोंगर-भिंती-झाडं, चाल पट्टीने मोजायची आणि वार लागला की नाही ते फाशाने ठरवायचं. हा छंद एरवी २८ मिलिमीटरच्या धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या पुतळ्यांवर चालतो. ते विकत आणायचे, कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे, आणि पहिली लढाई होईपर्यंत महिने उलटतात. विटांचा सैनिक डब्यातून निघतो तो लढायला तयार. आज हातात भाला द्या, उद्या धनुष्य. भिंत पडली म्हणजे खरोखर पडते.

अडचणी मात्र त्याच्या स्वतःच्या आहेत. तो रुंद आहे, धक्क्याने कलंडतो, त्याचं शस्त्र हातातून निसटून सोफ्याखाली जातं. नवखे लोक या अडचणी खरेदीने सोडवायला जातात आणि तिथेच फसतात. नियम आपल्या डब्याकडे बघून ठरवायचे असतात. डबा नियमांसाठी भरत बसलात तर पैसे संपतील, पण लढाई होणार नाही.

आधी तीन मापं पाठ करा. विटेच्या डोक्यावरची गोल टिकली म्हणजे स्टड. दोन स्टडमधलं अंतर ८ मिलिमीटर. पूर्ण वीट ९.६ मिलिमीटर उंच आणि चपटी प्लेट ३.२, म्हणजे तीन प्लेट एकावर एक ठेवल्या की एक वीट. मिनिफिगर, म्हणजे १९७८ पासून मिळणारा हातपाय हलवणारा छोटा माणूस, टोपीशिवाय साधारण ४ सेंटिमीटर किंवा चार विटा उंच असतो. हातांसकट तो तीन स्टड रुंद भरतो, पण त्याचे पाय फक्त दोन स्टडवर उभे असतात. त्याच्या कलंडण्याचं कारण हेच.

लागणारं सामान

- दोन्ही बाजू मिळून २० मिनिफिगर. पहिल्या डावाला १८ सुद्धा पुरतात.
- ३×४ च्या प्लेट (असे आकडे म्हणजे स्टडमधलं माप), प्रत्येक सैनिकाला एक. एकसंध मिळाली नाही तर लहान प्लेट जोडून तेवढ्याच मापाची करा. प्रत्येक बाजूचा रंग वेगळा.
- घोडा असेल तर प्रत्येक घोड्याला ४×८ ची एक प्लेट.
- १×१ च्या गोल प्लेट: पिवळ्या २०, करड्या ६.
- मोजपट्टीसाठी १×८ च्या ९ प्लेट आणि १×४ च्या २.
- सहा बाजूंचे साधे फासे, ६ ते १०. एकच असला तरी चालतं, फक्त डाव लांबतो.
- हिरवं किंवा मातकट जाड कापड, किमान ८० सेंटिमीटर चौरस. फेल्ट उत्तम, जुनी चादर चालेल.
- खोलगट स्टीलचं ताट आणि त्यात एक रुमाल. कशासाठी ते पुढे येईलच.

१. काळ ठरवा, पण डबा उघडून

सगळे मिनिफिगर टेबलावर ओता. डोकी, धडं, पाय, टोप्या, शस्त्रं असे ढीग करा. आता मोजा ती शस्त्रं, कारण माणसं नेहमीच जास्त असतात आणि हत्यारं कमी. तलवारी-ढाली-भाले जास्त निघाले तर किल्ले-सरदारांचा काळ घ्या. पिस्तुलं, तलवारी आणि तिकोनी टोप्या निघाल्या तर समुद्री चाच्यांचा. अंतराळवीर आणि पोलीस मिसळून निघाले तर तसंच खेळा. काळाची शुद्धता जपण्याची सक्ती कुणाचीही नाही.

दुसऱ्या महायुद्धाची हौस असेल तर एक गोष्ट आधीच कळलेली बरी. लेगो कंपनी आधुनिक युद्धाची वास्तव शस्त्रं आणि लष्करी वाहनं बनवत नाही, हे तिचं जुनं धोरण आहे. २०२० मध्ये ऑस्प्रे या लष्करी विमानाचा संच बाजारात येण्याच्या तोंडावर मागे घेतला गेला, तो याच वादातून. त्यामुळे रणगाडे आणि रायफली हव्या असणारे लोक पोलंडच्या कोबी कंपनीचे संच किंवा ब्रिकआर्म्ससारख्या उत्पादकांची सुटी शस्त्रं घेतात. ही परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून मूळ किमतीला गाठतात. पहिल्या सहा महिन्यांत या वाटेला जाऊच नका.

बाजारात सुटे, बिननावाचे मिनिफिगर स्वस्तात मिळतात. त्यांचा रंग आणि छपाई बरी असते, पण पकड ढिली असते: डोकं फिरवलं की निघतं, हातात तलवार थांबत नाही. घ्यायचेच असतील तर आधी चार घ्या, दहा वेळा शस्त्र घालून-काढून बघा, मग बाकीचे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, तेही पाकिटावर बघा. आणि घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर हा सगळा खेळ त्याच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. मिनिफिगरचं डोकं, हात, शिरस्त्राण, सगळंच गिळता येण्याजोगं असतं.

२. प्रत्येक सैनिकाला बैठक द्या

हे एक पाऊल चुकवलंत तर पुढचं काहीच नीट होत नाही, म्हणून इथे थोडा वेळ घालवू.

३×४ ची प्लेट आडवी धरा, चार स्टडची बाजू तुमच्याकडे. मधल्या ओळीतल्या मधल्या दोन स्टडवर सैनिकाचे पाय दाबा. पुढे एक ओळ, मागे एक ओळ, दोन्हीकडे एकेक स्टड रिकामा, म्हणजे सैनिक बरोबर मध्यावर आला. ही झाली बैठक: ३२ मिलिमीटर रुंद, २४ खोल.

यातून चार कामं होतात. सैनिक उभा राहतो. शेजारी-शेजारी दोन बैठका टेकवल्या तरी हातात हात अडकत नाहीत. अंतर कुठून मोजायचं हा वाद संपतो, कारण ते बैठकीच्या कडेपासून कडेपर्यंत मोजायचं, हाताच्या टोकापासून नाही. आणि दहा स्टड रिकामे उरतात, त्यांवर खुणा बसवता येतात. चाल झाली की पिवळी टिकली (१×१ ची गोल प्लेट), बंदूक रिकामी झाली की करडी. कागद-पेन्सिल लागत नाही.

बाजू बैठकीच्या रंगावरून ओळखायची. सैनिकांच्या कपड्यांचे रंग जुळवण्याचा मोह होतो, पण दहा एकसारखी धडं कुणाच्याच डब्यात नसतात. एक सैन्य काळ्या बैठकांवर, दुसरं पांढऱ्या, आणि वर वाटेल तो माणूस.

२×४ ची बैठक का नको? तीवर पाय मध्यावर येत नाहीत, पुढच्या नाहीतर मागच्या कडेला जातात, आणि हातात भाला दिला की सैनिक तोंडावर पडतो. ४×४ स्थिर असते, पण भिंतीवरच्या वाटेवर मावत नाही. ३×४ च्या प्लेट कमी पडल्या तर एका पूर्ण बाजूला ३×४ आणि दुसऱ्या पूर्ण बाजूला ४×४ द्या. एकाच सैन्यात दोन मापं मिसळली की रांगा वाकड्या होतात.

३. हत्यारं द्या: हातात दिसतं तेच खरं

या खेळाचा सगळ्यात सोयीचा नियम हा: सैनिकाच्या अंगावर जे दिसतं तेच त्याच्याकडे आहे. तक्ता बघायला नको, लक्षात ठेवायला नको.

शस्त्राची मूठ मिनिफिगरच्या हातात बसते कारण दोन्हीचं माप ठरलेलं आहे, ३.१८ मिलिमीटरचा दांडा. दांडा हाताच्या उघड्या बाजूने दाबून घुसवू नका. प्रत्येक वेळी हात फाकतो आणि वर्षभरात ढिला पडतो. टोकाकडून सरकवत घाला. इतर उत्पादकांच्या शस्त्रांची मूठ कधी कधी केसभर जाड असते. ती जोर लावून घातली की हाताला चीर जाते. सरकत नसेल तर देऊ नका.

हात आधीच ढिला झाला असेल तर भाजीच्या पातळ पिशवीचा नखाएवढा तुकडा मुठीभोवती गुंडाळा आणि मग सरकवा. डिंक, फेविक्विक वगैरे नको. फेविक्विकच्या वाफेने आजूबाजूचं प्लॅस्टिक पांढरट पडतं आणि तो डाग निघत नाही.

मानेचं एक गणित लक्षात ठेवा. छातीचं चिलखत, पाठीवरचा भाता, कापडी झगा, तिन्ही डोकं काढून मानेच्या खुंटीवरच चढतात. एक चढवलं तर डोकं घट्ट बसतं. दोन चढवली की डोकं जेमतेम टेकतं आणि फाशाच्या धक्क्याने उडतं. म्हणून तिरंदाजाला चिलखत नको. यातून खेळात आपोआप समतोलही येतो: दुरून मारणारा उघडा, जवळून लढणारा झाकलेला.

हात धडातून उपटून अदलाबदल करण्याच्या फंदात पडू नका. वारंवार केलं की काखेजवळ धड तडकतं. जुन्या तपकिरी आणि गडद लाल रंगाच्या भागांना तर नाजूकच समजा. हे रंग ठिसूळ निघतात.

४. मोजपट्टी बनवा

फूटपट्टी चालेल, पण स्टडमध्ये मोजलं की बैठका, भिंती, चाली सगळं एकाच भाषेत बोलतं. पाच १×८ प्लेट एका ओळीत ठेवा, रंग आलटून पालटून. खालच्या थरात आधी एक १×४, मग चार १×८, शेवटी परत एक १×४ लावा. वरचे सांधे खालच्या सांध्यांवर येत नाहीत, म्हणून पट्टी वाकत नाही. गवंडी वीटकाम करतो तोच हिशोब. झाली ४० स्टडची, म्हणजे ३२ सेंटिमीटरची पट्टी. दर आठ स्टडला रंग बदलत असल्याने मोजणं एका नजरेत होतं.

दुसऱ्या कुठल्या तयार नियमावलीने खेळायचं असेल तर तिथली अंतरं बहुधा इंचात असतात. एक इंच म्हणजे तीन स्टड धरा. २४ आणि २५.४ मिलिमीटरमधला फरक कुणाला जाणवत नाही.

५. टेबल मांडा

सपाट मोठ्या बेसप्लेटवर सैनिक खुपसत खेळणं दिसायला छान, खेळायला त्रासदायक. प्रत्येक चालीला सैनिक उपटायचा, पुढे दाबायचा. उपटताना पाय धडापासून सुटतात, दाबताना शेजारचा पडतो. म्हणून जमीन कापडाची ठेवा आणि बैठका त्यावर सरकवा. विटा फक्त भिंती, घरं, पूल यांसाठी.

दहा विरुद्ध दहाला ९६×९६ स्टडचं मैदान पुरतं, म्हणजे ७७ सेंटिमीटर चौरस. चौघांच्या जेवणाच्या टेबलावर हे मावतं. टेकडी हवी तर कापडाखाली जुनी पुस्तकं सरकवा. एकावर एक, प्रत्येक खालच्यापेक्षा लहान, पायऱ्यांसारखी. प्रत्येक पायरी किमान पाच-सहा स्टड रुंद ठेवा, नाहीतर तीन स्टडची बैठक कडेवर डुगडुगते. उतरत्या छपराच्या विटांचे डोंगर बांधू नका. त्यांवर कुठलीच बैठक ठरत नाही.

आडोशांची उंची बैठकीची जाडी धरून मोजा. दोन विटांची भिंत सैनिकाच्या कमरेपर्यंत येते. तीन विटांच्या भिंतीवरून डोकं आणि खांदे दिसतात. पूर्ण लपायला पाच विटा लागतात. चार विटांची भिंत मात्र बांधू नका. तीमागचा सैनिक दिसतो की नाही यावर अर्धा डाव वाद चालतो.

मैदानावर आठ-दहा अडथळे हवेत. ते पुरेसे आहेत का हे तपासायला मोजपट्टीवरची ३० स्टडची खूण धरा आणि टेबलावर आडवी-तिडवी फिरवा. मधे काहीच अडत नाही अशी ३० स्टडची मोकळी रेघ दोन-तीनपेक्षा जास्त ठिकाणी सापडली तर तिरंदाज सगळा डाव खातील. तिथे झाड, खडक, मोडकी गाडी, काहीही टाका. झाडं ६×६ च्या प्लेटवर सुटी ठेवा. जंगलाची हद्द गडद कापडाच्या तुकड्याने दाखवली की सैनिक आत शिरताना झाड उचलून बाजूला ठेवता येतं.

किल्ल्याची भिंत १६ स्टडच्या सुट्या तुकड्यांत बांधा. एका तुकड्याचा हिशोब: खाली ८×१६ ची प्लेट. तिच्यावर दोन स्टड जाड, सहा विटा उंच भिंत, त्यासाठी २×४ च्या २१ आणि २×२ च्या ६ विटा. एका थरात चार २×४, पुढच्यात दोन टोकांना २×२ आणि मधे तीन २×४, असं आलटून पालटून. वर ४×८ च्या दोन प्लेट अशा बसवा की बाहेरची कड भिंतीबरोबर राहील आणि आतल्या बाजूला दोन स्टड पुढे येतील. बाहेरच्या कडेवर एक स्टड जाडीचा कठडा, एकेक वीट सोडून. उरल्या तीन स्टड खोल वाटेवर आपली बैठक चपखल बसते आणि एका तुकड्यावर चार सैनिक मावतात. खालची प्लेट वगळलीत तर चौघे चढल्यावर भिंत आतल्या बाजूला आडवी होते.

दारांचा एक फास आहे. चार स्टड रुंद दाराची चौकट आतून चार स्टडपेक्षा अरुंद असते, त्यामुळे बैठक अडकते. सहा स्टडची उघडी वाट ठेवा, किंवा "दाराला टेकला तो आत गेला" असं आधीच ठरवा.

दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्यांच्या मनात आता जे आलं असेल ते करता येतं. मातीच्या किल्ल्यावर हा खेळ रंगतोच. फक्त मिनिफिगरचे पाय उघड्या मातीत रोवू नका. बारीक रेती कमरेच्या सांध्यात गेली की पाय करकरतात आणि ओरखडे कायमचे राहतात. बैठकीसकट ठेवा, आणि रात्रीच्या दवात ठेवून झोपू नका. शेजारचे मातीचे मावळे कुठल्याही मापाचे असले तरी त्यांना प्रेक्षकांत बसवता येतं.

६. नियम: एका कागदाच्या एका बाजूवर मावतील एवढे

*पाळी.* फासा टाकून ज्याची संख्या मोठी तो सुरू करतो. एका वेळी तीन सैनिक हलवायचे, मग समोरचा तीन हलवणार. हललेल्याच्या बैठकीवर पिवळी टिकली. सगळ्यांवर टिकली आली की फेरी संपली, टिकल्या काढा. पूर्ण सैन्य एकदम हलवायची पद्धतही आहे, पण तीत दुसरा खेळाडू पंधरा मिनिटं मोबाइल बघत बसतो.

*चाल.* साधा सैनिक १० स्टड, चिलखतवाला ८, घोडेस्वार १६. एक वीट उंच चढायला काही लागत नाही, त्यापुढे प्रत्येक विटेमागे २ स्टड कापले जातात. चारपेक्षा जास्त विटांना शिडीच हवी, आणि शिडी चढण्यात पूर्ण चाल जाते.

*वार.* हललेला सैनिक एकदा वार करतो. बैठकीला बैठक टेकली असेल तर तलवारीने, नाहीतर दुरून. एक फासा: ४ किंवा जास्त पडलं तर वार लागला. धनुष्याचा पल्ला ३० स्टड, पण १५ च्या पुढे ५ लागतात. बंदुकीचा पल्ला २४. गोळी झाडली की करडी टिकली ठेवा, आणि पुढची चाल जागेवर उभं राहून भरण्यात घालवा. लक्ष्य आडोशामागे असेल तर लागणारा आकडा एकाने वाढतो. घोडा सरळ रेषेत ८ स्टड किंवा जास्त दौडून भिडला तर ३ पुरतात. मात्र समोर भालेवाला असेल तर भालेवाला आधी वार करतो, आणि त्यालाही ३ पुरतात.

*बचाव.* वार लागला की बचावाचा फासा. शिरस्त्राण, ढाल, चिलखत यांतल्या किती वस्तू अंगावर दिसतात? एक असेल तर ६ पडल्यास वाचला. दोन असतील तर ५ किंवा जास्त. तिन्ही असतील तर ४ किंवा जास्त. काहीच नसेल तर फासा नाहीच. बंदुकीच्या गोळीसमोर एक वस्तू कमी धरा. बचाव फसला की सैनिक मेला. जखमी वगैरे भानगड पहिल्या डावांत नको.

*नजर.* दिसतंय की नाही हे सैनिकाच्या डोक्याच्या पातळीवर डोळा नेऊन बघायचं. समोरच्याचं डोकं किंवा धड दिसलं तर दिसला. तुरा, भाल्याचं टोक, झग्याचं टोक दिसून उपयोग नाही. पाय झाकलेले असतील तर तो आडोशामागे आहे.

*धीर.* एखाद्या बाजूचे निम्मे सैनिक गेले की तिने दर फेरीच्या सुरुवातीला एक फासा टाकायचा. १ किंवा २ पडलं की सगळे एक चाल मागे हटतात. निशाणवाल्यापासून १० स्टडच्या आत असलेले मात्र हटत नाहीत. निशाण त्यामुळे नुसतं शोभेचं राहत नाही.

आकडे असेच का, तेही सांगायला हवं, कारण बदलायचे झाले तर कुठे हात घालायचा ते कळेल. निम्मे वार लागतात आणि दोन वस्तूंच्या बचावाने त्यातले एक तृतीयांश वाया जातात, म्हणजे तीन वारांत सरासरी एक बळी. दहातले सहा जण भिडलेले असले तर फेरीला दोन बळी पडतात. पाच-सहा फेऱ्यांत, साधारण दीड तासात, डाव निकाली निघतो. सगळ्यांना चिलखत-ढाल-शिरस्त्राण दिलंत तर चार वारांत एक बळी पडेल आणि डाव रेंगाळेल. म्हणून तिन्ही वस्तू एका बाजूला दोघांनाच.

७. पहिला डाव: खिंड

मोकळ्या मैदानात दोन रांगा समोरासमोर उभ्या करून सुरुवात करू नका. सगळे मध्यावर येऊन चिकटतात आणि उरतो तो फक्त फाशांचा खडखडाट. पहिल्या डावाला खिंड घ्या. मराठी माणसाला तिचं गणित समजावून सांगावं लागत नाही. १३ जुलै १६६० ला बाजीप्रभूंनी घोडखिंडीत शत्रू संपवला नव्हता, शिवाजी महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत वेळ मिळवला होता. खेळातही जिंकणं मारण्यावर न ठेवता वेळेवर ठेवायचं. तसा मावळा डब्यात शोधू नका, असतील ते सैनिक चालतील.

मैदानाच्या मधोमध पुस्तकांचे दोन ढीग, मधे १२ स्टडची वाट. १२ का? कारण तीन बैठका खांद्याला खांदा लावून तिथे बरोबर बसतात. रोखणारे ६, प्रत्येकाला ढाल आणि शिरस्त्राण. चढाई करणारे १२, तलवारी किंवा भाले. दोन्हीकडे धनुष्य-बंदूक नाही. चढाईवाले खिंडीपासून १६ स्टडवर सुरू करतात, आणि त्यांचा मेलेला सैनिक पुढच्या फेरीत आपल्या कडेवरून परत येतो. या डावात धीराचा नियम वगळा. सहा फेऱ्यांनंतर खिंडीत रोखणाऱ्यांपैकी एकही उभा असेल तर ते जिंकले.

पहिली फेरी अंतर तोडण्यात जाते. पुढे फेरीला तिघे तिघांना भिडतात, म्हणजे सरासरी एक बळी. सहापैकी पाच पडतात, एक उरतो किंवा उरत नाही. शेवटच्या फेरीपर्यंत निकाल लोंबकळत राहतो तो यामुळेच. चार-पाच डावांनंतरही रोखणारेच जिंकत असतील तर वाट १६ स्टडची करा. चौथा भिडतो आणि पारडं फिरतं. तसं उलट झालं तर रोखणाऱ्यांतल्या एकाला चिलखत द्या.

८. जिथे हमखास गडबड होते

फासे टेबलावर टाकू नका. एक घरंगळता फासा चार सैनिक आडवे करतो, आणि कोण कुठे होता यावर मैत्री तुटते. ताट आणि रुमाल यासाठीच: फासा ताटाबाहेर गेला तर तो टाकलाच नाही असं समजायचं. रुमाल नसेल तर स्टीलच्या ताटाचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत जातो.

मेलेल्याचं काय करायचं हे आधी ठरवा. सैनिक उचला, पण त्याची रिकामी बैठक आपल्या कडेला रांगेत मांडा. निम्मे गेले का हे मोजायला ती लागते. डोकं उपटून मेल्याची खूण करायची पद्धत मुलांना फार आवडते, पण डाव संपल्यावर अठरा डोकी अठरा धडांना जुळवत बसावं लागतं.

स्प्रिंगच्या तोफा, स्टड उडवणाऱ्या बंदुका खरोखर झाडून नेम धरायचा मोह होणारच. करा, पण टेबलाच्या पातळीवर डोळा नेऊन नजर बघणारा माणूस समोर नसताना. आणि किती स्टड उडाले ते मोजून ठेवा, कारण केर काढताना ते सापडत नाहीत, अनवाणी पायाला सापडतात.

सैनिक वाढवत नेणं हीसुद्धा गडबडच. एका बाजूला पंधराच्या वर गेलात की फेरी अर्ध्या तासावर जाते. हौस वाढली तर सैनिक तेवढेच ठेवून भिंतीचे तुकडे, पूल, पडकी घरं वाढवा. त्याच दहा जणांची लढाई नव्या जागी वेगळीच होते.

९. आवरणं

सैनिक बैठकीवरून काढू नका, बैठकीसकट खणांच्या डब्यात ठेवा, स्क्रू-खिळ्यांसाठी मिळतो तसा. शस्त्रं मात्र हातातून काढून वेगळ्या खणात, नाहीतर महिनोन्‌महिने ताणलेला हात ढिला पडतो. डबा खिडकीपाशी नको. उन्हाने पांढरं आणि करडं प्लॅस्टिक पिवळं पडतं. धुवायचेच असतील तर कोमट पाणी, ४० अंशांच्या आत, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ ब्रश. छापलेल्या चेहऱ्यांवर ब्रश घासू नका. पुसून नाही, पंख्याखाली जुन्या टॉवेलवर वाळवा, आणि पाय उलटे ठेवा, पाणी तिथेच साचतं.